आरोग्य-आणीबाणी आणि लोकसज्जता : पाचाड परिसराच्या आधारे विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. रोग किंवा अपघात म्हणजे आणीबाणी नव्हे. वस्तीची नित्याची उपचारक्षमता ज्या गतीने काम करते, तिच्याहून अधिक गतीने गरज वाढली म्हणजे आरोग्य-आणीबाणी उत्पन्न होते. या व्याख्येत गरज आणि क्षमता अशा दोन राशी आहेत व दोहोंचे मापन कालाने होते. म्हणून एकच घटना एका स्थळी आणीबाणी ठरते, अन्यत्र ठरत नाही. विंचूदंशाचा रुग्ण महाड शहरात नित्याचा रुग्ण होय. रायगडाच्या पायथ्याच्या पाचाड परिसरातील वाडीत, रात्री, पावसात, तोच आणीबाणी होय.

दुसरी संज्ञा सज्जता. ज्या पूर्वव्यवस्थेमुळे योग्य कृती ऐनवेळी नवा निर्णय न घेता घडते, ती सज्जता. माहिती हे सज्जतेचे एक अंग आहे, सज्जता नव्हे. हात धुवावेत हे ठाऊक असणे माहिती होय. पूर ओसरल्यावर धुण्याजोगे पाणी घरात असणे सज्जता होय. फलक, पत्रके आणि ध्वनिफिती यांवर होणारा श्रम बहुतांशी माहितीपाशीच थांबतो.

तिसरी संज्ञा लोक. येथे महाडचाच एक दाखला विचारात घ्यावा लागतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार ठराव केला. तथापि चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. हा दाखला हक्काचा आहे आणि त्याचे ते स्थान कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यातून सिद्ध होणारी गोष्ट प्रस्तुत विषयाला तंतोतंत लागू पडते : कागदावर खुली असलेली सोय शेवटच्या माणसाच्या वापरात आली की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. गावठाणापर्यंत पोहोचून आदिवासीवाडी किंवा धनगरवाडीच्या पायवाटेवर थांबणारी सज्जता लोकसज्जता या नावास पात्र नाही.

आता प्रकार. वर्गीकरण रोगानुसार करता येते. पण व्याख्येत काल प्रधान असल्याने ते उपलब्ध अवधीनुसार करणे अधिक युक्त होय. प्रथम प्रकारात अवधी मिनिटांचा वा तासांचा असतो, द्वितीयात दिवसांचा, तृतीयात आठवड्यांचा. यावरून एक नियम निघतो : अवधी जितका अल्प, तितका निर्णयाचा अधिकार संकटाच्या निकट असला पाहिजे.

प्रथम प्रकाराचे उदाहरण दरड. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या आणि महाड शहर पुराच्या पाण्याखाली होते. ही एककालीनता आकस्मिक नाही. जो पाऊस डोंगराची माती भिजवून सैल करतो, तोच सावित्री, गांधारी आणि काळ या नद्या फुगवतो, रस्ते तोडतो आणि वीज घालवतो; वीज गेल्यावर दूरध्वनीही जातो. म्हणजे संकट आणि साहाय्याचा अभाव यांचे कारण एकच आहे. ‘महाडहून मदत येईल’ हे गृहीत वर्षातील बहुतेक दिवशी खरे असते व ज्या दिवशी त्याची गरज असते नेमक्या त्याच दिवशी खोटे ठरते. म्हणून पहिल्या बारा तासांची योजना वाडीतील माणसे, वाडीतील डोली आणि वाडीतील औषधपेटी एवढ्यांवरच उभी केली पाहिजे. घर सोडण्याचा निर्णयही तालुक्याच्या आदेशाची वाट न पाहता, जमिनीला पडलेली नवी भेग, कललेले झाड, झऱ्याचे अकस्मात गढूळ झालेले पाणी या खुणांवर वाडीनेच घ्यावयाचा आहे.

याच प्रकारात दंश येतो, आणि त्याच्या बाबतीत महाड तालुक्याने जगाला काही दिले आहे. कोकणातील लाल विंचवाचे विष शरीरातील स्वायत्त मज्जासंस्था अतिउत्तेजित करते. रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांचे दीर्घकाळ निरीक्षण केले व प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग सिद्ध केला. गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. तथापि औषध आणि मृत्यूघट यांच्यामध्ये एक पायरी आहे : रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे. गोळी स्वस्त होती, साधी होती. परंतु विंचू चावला की मंत्रात वेळ न दवडता दवाखान्याकडे निघायचे, हे घराघरांत रुजणे हा उपचाराचाच भाग होता. शोध आणि सवय मिळून उपचार पूर्ण होतो.

द्वितीय प्रकार पूरोत्तर रोगांचा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे इत्यादींच्या मूत्रातून चिखलपाण्यात येतात आणि त्वचेवरील ओरखड्यातून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. हा अवधी हीच संधी होय. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांची यादी आशा सेविकेने त्याच आठवड्यात केली, तर वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देता येते व ताप येताच पूर्ववृत्त हाताशी राहते. यादी नसेल तर तोच ताप ‘पावसाळी ताप’ म्हणून घरीच अंगावर काढला जातो. विहिरीच्या पाण्याचेही तसेच. ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम टाकून अर्धा ते एक तास थांबावे लागते व नंतर ओटी चाचणीने उरलेला क्लोरीन पाहावा लागतो. पुराने गढूळ झालेल्या विहिरीला ही मात्रा पुरत नाही. आधी उपसा हवा. पावडर ओलीने आणि काळाने निकामी होते. म्हणून ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचे पोते असणे म्हणजे सज्जता नव्हे.

तृतीय प्रकार महासाथ. ती डोंगरातून उतरत नाही, एसटीने येते. या परिसरातील घरोघरचा माणूस मुंबईस चाकरीला असल्यामुळे २०२० मध्ये मुंबईतील कोविडची साथ ही येथील प्रत्येक घराची बाब झाली. येथे दोन कृतींचा भेद अवश्य आहे. बाधिताला वेगळे ठेवणे हे विलगीकरण. संपर्क आलेल्या पण निरोगी दिसणाऱ्यास निरीक्षणाखाली ठेवणे हे अलगीकरण. दोघांना एका खोलीत ठेवले तर दुसऱ्याला पहिल्याचा रोग देण्याची ती व्यवस्था होते. कोकणात परतलेल्या चाकरमान्यांना चौदा दिवस ठेवण्यासाठी गावोगावी शाळा घेतल्या गेल्या. त्याच काळात, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वादळ, पूर, दरड यांत आश्रय शाळेचाच आणि साथीत अलगीकरणही शाळेतच. एका वास्तूवर दोन परस्परविरोधी कार्ये सोपविलेली असतात आणि दोन्ही योजना स्वतंत्रपणे वाचणाऱ्यास दोष दिसत नाही. म्हणून वास्तूंची वाटणी सर्व संकटांची योजना एकत्र मांडूनच करावी.

महासाथीत आणखी एक घटक प्रबळ असतो : विश्वास. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगनिवारणासाठी घरांत शिरून जी सक्तीची झडती झाली, तिने लोक रोगी लपवू लागले. रोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग-अधिकारी रँड याच्यावरील प्राणघातक हल्ल्यात झाली. लपविलेला रोगी मोजता येत नाही आणि न मोजलेली साथ रोखता येत नाही. परतणाऱ्या चाकरमान्यास वेशीवर अडविताना हाच क्रम सुरू होतो. म्हणून त्याच्या अन्नाची, शौचालयाची आणि बुडालेल्या मजुरीची सोय ही दया म्हणून करावयाची नसून रोगनियंत्रणाचे साधन म्हणून करावयाची आहे.

पाचाडला एक विशेष आहे. जिजाऊंची समाधी आणि रायगडाचा पायथा यांमुळे जूनमध्ये शिवराज्याभिषेकसोहळ्याला अन्य जिल्ह्यांतून अपार समुदाय येथे येतो. उन्हाचा अखेरचा दाह आणि पहिला पाऊस यांच्या संधीवर तो गड चढतो. या दिवसांत गावाचे पाणी, शौचालये, रुग्णवाहिकेची वाट या सर्वांवर वर्षातील सर्वाधिक भार येतो. यात्रेकरूसाठी केलेली पाण्याची आणि वाटेची सोय मोडून न टाकता राखली, तर अवघ्या काही आठवड्यांनी तीच जुलैच्या पुरात ग्रामस्थांना उपयोगी पडते.

सज्जतेचे परीक्षण कसे करावे, एवढेच शेष राहते. दफ्तरावरून ते होत नाही. मेअखेरीस एका रात्री, वीज बंद आहे आणि भ्रमणध्वनी चालत नाही असे धरून, सर्वांत वरच्या वाडीपर्यंत निरोप पायी किती वेळात पोहोचतो हे मोजावे. शाळेची चावी कोणाकडे आहे, तो परगावी असल्यास दुसरी कोणाकडे आहे, डोलीचे चार खांदेकरी कोण, डायलिसिसवरचे, गरोदर आणि अंथरुणाला खिळलेले कोणत्या घरात आहेत, हे प्रश्न सरपंचास नव्हे, त्या वाडीतल्या कोणाही प्रौढ स्त्रीस विचारावेत.