पार्ट नंबर कसा द्यावा? लहान कारखान्यांसाठी साधी पद्धत

बेळगावचं उद्यमबाग असो की कोल्हापूरची शिरोली, लहान मशीन शॉपमध्ये एकाच पार्टची तीन नावं सापडतात. ड्रॉइंगवर एक, स्टोअरच्या वहीत दुसरं आणि कामगारांच्या तोंडी तिसरं, 'मोठ्या पंपाचं कव्हर'. पन्नास पार्ट असेपर्यंत हे निभावतं. दोन हजार झाले की चुकीचा माल गाडीत चढतो. तो परत आला की भाडं, मजुरी आणि गिऱ्हाइकाची नाराजी, सगळं आपल्याच अंगावर.

नंबर ओळखीसाठी, वर्णनासाठी नव्हे

पहिला मोह असतो तो नंबरातच सगळं कोंबायचा: पंपासाठी पी, कास्ट आयर्नसाठी सीआय, ५० मिमी बोअर, डाव्या बाजूसाठी एल. मग 'पी-सीआय-५०-एल'. वाचायला सोयीचं वाटतं. पण उद्या गिऱ्हाईक म्हणालं, एफजी २६० नको, एसजी ५००/७ द्या, तर नंबरातलं 'सीआय' दिशाभूल करू लागतं.

सीमाभागातल्या माणसाला हे गाडीच्या नंबरावरून चटकन कळेल. केए-२२ म्हणजे बेळगाव, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर. नंबरात गाव आहे, म्हणून गाडी कायमची पलीकडे नेली की नवा नंबर घ्यावा लागतो. आधारच्या १२ आकड्यांत मात्र गाव नाही, वय नाही. माणूस कुठंही राहायला गेला तरी नंबर तोच. पार्ट नंबर आधारसारखा असावा.

नंबर कसा बांधायचा

• सहा आकडी, ओळीनं पुढं जाणारा नंबर घ्या. सुरुवात १००००० पासून करा. ९ लाख नंबर मिळतात आणि एक्सेल सुरुवातीची शून्यं गाळतं तो त्रासही टळतो.
• अक्षरं शक्यतो नकोत. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक यांत हमखास घोळ होतो.
• चलन, टॅग, ड्रॉइंग सगळीकडे इंग्रजी आकडेच लिहा. मराठी '१' घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि कन्नड आकड्यांचं वळण आणखी वेगळं.
• नाव, धातू, माप, वजन, गिऱ्हाइकाचा नंबर यांना रजिस्टरमध्ये वेगवेगळे रकाने ठेवा. शोधायचं ते तिथं.
• नाव लिहायची रीत एकच ठेवा. आधी वस्तू, मग प्रकार: 'कव्हर, पंप, डावं'. म्हणजे सगळी कव्हरं एकाखाली एक येतात.

नवा नंबर कधी?

कसोटी एकच. जुना आणि नवा नग एकमेकांच्या जागी बिनघोर बसतात आणि तेच काम करतात का? हो, तर नंबर तोच ठेवून ड्रॉइंगचं रिव्हिजन वाढवा. नाही, तर नवा नंबर. वरच्या उदाहरणात एसजीच्या जागी जुना एफजीचा नग चालणार नसेल, तर नवा नंबरच द्यावा लागेल. फरक इतकाच की बाकी पार्टांची पद्धत त्यामुळे मोडत नाही.

कच्च्या कास्टिंगला एक नंबर आणि मशीनिंग झालेल्या नगाला दुसरा. फाउंड्रीतून आलेला नग आणि तयार नग एकाच नंबरावर राहिले तर स्टॉक कधीच जुळत नाही. बंद केलेला नंबर परत वापरू नका. दहा वर्षांनी कोणी जुन्या मशीनचा स्पेअर मागितला, तर भलताच पार्ट जाईल.

कशात गल्लत नको

हीट नंबर वेगळा. तो कास्टिंग कोणत्या ओतणीतलं ते सांगतो, पार्ट कोणता ते नव्हे. एचएसएन कोड करासाठी आहे. ८४१३ खाली पंप आणि पंपाचे शेकडो पार्ट येतात. गिऱ्हाइकाचा नंबरही आपला समजू नका. तोच पार्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाला वेगळ्या नंबरानं जाऊ शकतो.

शेवटची गोष्ट शिस्तीची. नंबर देणारा माणूस एकच आणि रजिस्टरही एकच. तो रजेवर असेल तर कोण देणार, हेही आधी ठरवा. जुने पार्ट एका दिवसात बदलायला जाऊ नका. नवी ऑर्डर आली की त्या पार्टला नवा नंबर द्या आणि जुना शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा.