झुंजीच्या माशाची शुश्रूषा

"काकू, मेथिलीन ब्लू आहे का?" ठाण्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात एखादं शाळकरी पोर हा प्रश्न घेऊन आलं, की घरात फायटर मासा आलाय आणि तो आजारी पडलाय, हे मी ओळखते. वाढदिवसाला कुणीतरी दिलेला असतो, नाहीतर आईच्या मागे लागून घेतलेला असतो. सुरुवातीला तो पर फुलवून मिरवतो. मग खायचं सोडतो आणि पर अंगाशी मिटून तळाशी पडून राहतो. मासेवाल्याने सांगितलेलं असतं, निळं औषध घाल. बाटली काढायच्या आधी मी विचारते, भांडं केवढं आहे, पाणी कधी बदललंस, नळाचं पाणी तसंच ओतलंस का? बहुतेक वेळा या उत्तरांतच रोग सापडतो.

माझा जन्म औषधांत गेला, त्यामुळे कुठलंही औषध हातात आलं की ते आलं कुठून हे शोधायची मला सवय आहे. फायटरच्या औषधांचा माग काढताना मी थेट सयामपर्यंत, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत, पोचले. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं. ज्यांनी हा मासा पैजेसाठी झुंजवला, त्यांना त्याची जखम भरून आणता येत होती. ज्यांनी तो शोभेसाठी घरात आणला, त्यांनी त्याच्या चिवटपणावर भरवसा ठेवला आणि शुश्रूषा मागेच राहिली.

या माशाचं घर म्हणजे मध्य थायलंडमधली चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरं, दलदली आणि संथ चर. तिथलं पाणी उथळ, कोमट आणि कुजलेल्या पाल्याने तपकिरी झालेलं असतं. त्यात प्राणवायू कमी. म्हणून या माशाला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला घड्याघड्यांचा एक जादा अवयव असतो. वर येऊन तो तोंडाने हवा घेतो आणि त्या अवयवातून ती रक्तात पोचते. नर लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो, अंडी त्यात ठेवतो आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत पहारा देतो. हद्दीत दुसरा नर आला की जुंपते. जंगलात ही मारामारी लवकर मिटते, कारण हरणाऱ्याला पळायला जागा असते. माणसाने भांडखोर नर निवडून त्यांची वीण वाढवली, तेव्हा तासन्‌तास मागे न हटणारे मासे तयार झाले. २०२२ मध्ये या माशांच्या जनुकांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावरून माणूस किमान हजार वर्षं त्यांना पाळतो आहे असा अंदाज निघतो.

झुंज लावणं क्रूरच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण झुंजीचा मासा पाळणाऱ्याचं पोट आणि अब्रू त्या माशावर असायची, आणि म्हणून त्याची निगा बारकाईने घेतली जायची. प्रत्येक नर वेगळ्या बरणीत, दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठा, म्हणजे शेजारी दिसून तो उगाच दमू नये. खायला डासांच्या जिवंत अळ्या. झुंजीत शेपटीच्या चिंध्या होतात, खवले निघतात, कल्ल्यांजवळ चावे बसतात. अशा माशाला सावलीत, शांत जागी, सुकलेलं बदामाचं पान घातलेल्या पाण्यात ठेवायचं. हे बदाम म्हणजे आपल्याकडचा देशी बदाम. थायलंडमध्ये त्याला हू क्वांग म्हणतात. पानाचा अर्क उतरून पाणी तांबूस झालं की जखम चिघळत नाही, हा तिथल्या पाळणाऱ्यांचा अनुभव, आणि झुंजीच्या आधीही कातडी घट्ट व्हावी म्हणून ते मासा याच पाण्यात मुरवतात. विश्रांती, ऊब, काळोख, स्वच्छ खाणं आणि तुरट पाण्याचा शेक. रुग्णाईताची सेवा याहून वेगळी काय असते?

युरोपला या माशाची नीट ओळख करून दिली ती एका डॉक्टरने. थिओडोर कँटर हा मूळचा डेन्मार्कचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय सेवेतला. सयामच्या राजाकडून आलेले काही मासे १८४० च्या सुमारास त्याच्या हाती लागले असं सांगतात. मलायातल्या माशांची त्याची मोठी यादी १८४९ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली, म्हणजे या माशाची कागदावरची पहिली मोठी नोंद आपल्याच देशात झाली. त्यात तो लिहितो की सयामी लोक या झुंजींपायी वेडे आहेत, पैसाच काय, स्वतःला आणि बायकामुलांनाही पणाला लावतात, आणि झुंजींच्या मक्त्यातून राजाला चांगलं उत्पन्न मिळतं. वैद्य असूनही जखमी मासे बरे कसे करतात हे त्याने विचारलं नाही, याची मला फार रुखरुख वाटते. त्याने दिलेलं नाव आधीच दुसऱ्या माशाला गेलेलं होतं, ही गोष्ट पुढे लंडनच्या चार्ल्स टेट रीगन यांच्या लक्षात आली आणि १९१० मध्ये त्यांनी बेट्टा स्प्लेंडेन्स हे आजचं नाव दिलं. पैजांची हकीकत जगभर गेली, पानाची गेली नाही.

कँटरची यादी छापली जात होती, त्याच सुमाराला लंडनमध्ये जे घडत होतं ते माझ्या धंद्यातल्या माणसाने घडवलेलं आहे, म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. रॉबर्ट वॉरिंग्टन हा तिथल्या औषधकारांच्या जुन्या मंडळाच्या, सोसायटी ऑफ अपोथेकरीजच्या, प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ. १८४९-५० मध्ये त्याने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाई सडका पाला खातात आणि पाणी न बदलता मासे जगतात, असा हिशेब त्याने मांडला. घरगुती मत्स्यालयाचा पाया तो हाच. पण हिशेबात एक खाचा राहिला होता: मासा कल्ल्यांवाटे जो अमोनिया सोडतो, त्याचं होतं काय? उत्तराचा मोठा भाग त्याच्याच मुलाने शोधला. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करताना त्याने दाखवलं की सूक्ष्मजीव अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग दुसरे जीव त्याचं नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी ते जीव वेगळे काढले. नवीन टाकीत हे जीव वसायला काही आठवडे लागतात. तोवर अमोनिया साठतो, कल्ले भाजतात, मासा मान टाकतो. मुलं ज्याला रोग म्हणून माझ्याकडे येतात, तो बहुतेक वेळा हाच असतो.

गोल्डफिश अशा पाण्यात लगेच वर येऊन तडफडतो, पाहणाऱ्याला कळतं. फायटर हवा घेत राहतो. प्राणवायू संपला तरी तो तग धरतो, पण अमोनिया त्याच्या कल्ल्यांना सोडत नाही. व्यापाराने या तग धरण्याचाच फायदा उचलला. गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत फुलदाणीत झाडाचं रोप वर आणि फायटर खाली, अशी टूम निघाली. मासा मुळं खाऊन जगतो, असं विकणारे सांगत. तो तर किडे आणि अळ्या खाणारा मांसाहारी! आपल्याकडे तो प्लास्टिकच्या पेल्यात मिळतो.

आणि त्याचं रूपही बदललं. १८९० च्या दशकात तो फ्रान्स-जर्मनीत पोचला, १९१० मध्ये अमेरिकेत. जंगलातला नर आखूड परांचा, मळकट तपकिरी. शोभेसाठी पैदास करणाऱ्यांनी पर वाढवत नेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत वॉरन यंग यांच्या लांब परांच्या माशांना मोठी मागणी आली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शेपटी पूर्ण अर्धवर्तुळात उघडणारे हाफमून आले. पाहायला ते सुरेख दिसतात, मी नाकारत नाही. पण एवढी जड शेपटी ओढत पोहणारा मासा लवकर थकतो, शेपूट खडबडीत शोभेच्या दगडावर फाटते, कधी तो स्वतःच ती चावतो आणि फाटलेल्या कडेला जंतू धरतात. आखूड परांचा झुंजीचा प्लाकाट आजही जास्त काटक असतो, आणि पहिला मासा कुणी विचारून घेत असेल तर मी प्लाकाटच सुचवते.

आता माझ्या फळीवरच्या औषधांकडे येते. मेथिलीन ब्लू हा मुळात कापडाचा रंग. १८७६ मध्ये जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या हाइनरिश कारो यांनी तो बनवला. योगायोग असा, की माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा परजीवी फुके या फ्रेंच संशोधकाने वर्णन केला तोही १८७६ मध्येच. १८९१ मध्ये बर्लिनला पाउल एर्लिख आणि पाउल गुटमान यांनी मेथिलीन ब्लू हिवतापाच्या दोन रोग्यांना दिलं. कारखान्यात तयार झालेलं रसायन माणसाच्या संसर्गावर वापरण्याच्या अगदी पहिल्या प्रयोगांतला हा एक. आजही नायट्राइटसारख्या विषाने माणसाचं रक्त प्राणवायू वाहीनासं झालं की इस्पितळात हेच औषध शिरेतून देतात. माशाचं रक्तही नायट्राइटने असंच तपकिरी पडतं आणि त्यालाही याच निळ्या औषधाचा उतारा पडतो. बुरशीवर आणि अंड्यांवरही ते चालतं. मात्र टाकीतले अमोनिया पचवणारे उपयोगी जीवही ते मारतं. म्हणून आजारी फायटरला वेगळ्या भांड्यात काढून मगच निळं औषध घालायचं.

मिठाचं कामही मला फार आवडतं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटच्या आधी जाऊन बसतो आणि विषाला आत शिरू देत नाही. आयोडीन नसलेलं जाडं मीठ, दहा लिटरला एक चमचा, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून, आणि आठ-दहा दिवसांहून जास्त नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी मासेवाले अँटीक्लोरीनचे खडे देतात. ते म्हणजे फोटोवाल्यांचा हायपो, सोडियम थायोसल्फेट. अंधाऱ्या खोलीत फोटो पक्का करणारं रसायन माशाचे कल्ले वाचवतं.

एका रोगापाशी मात्र थांबायला हवं, कारण तो नवख्याच्या नजरेतून सुटतो. खोलीतला दिवा घालवायचा आणि टॉर्च माशाच्या बाजूने तिरपी धरायची. डोक्यामागे, पाठीवर सोनेरी-गंजकट भुकटी उडवल्यासारखी चमकली, तर तो व्हेल्व्हेट. मासा दगडाला अंग घासतो, श्वास भराभर चालतो. हा परजीवी स्वतःत हरितद्रव्य बाळगतो, उजेडावर जगतो, म्हणून भांडं फडक्याने झाकून काळोख करायचा आणि पाणी हळूहळू २८ अंशांपर्यंत गरम करायचं. जुन्या पुस्तकांत यावर मोरचूद सांगितलेलं असतं. तांब्याने परजीवी मरतो खरा, पण मात्रा थोडी चुकली तरी मासाही मरतो. मोरचूद मी मुलांच्या हातात देत नाही. मोजून मात्रा लिहिलेलं तयार औषध घ्यायला सांगते.

अंग फुगून खवले बाहेरच्या बाजूला उभे राहिले असतील, तर आतली इंद्रियं निकामी होत आलेली असतात. त्या वेळी पोराला खोटी आशा लावू नये असं मला वाटतं. स्वच्छ कोमट पाणी आणि शांतता एवढं आपल्या हातात उरतं, हे मी त्याला नीट बसवून सांगते.

थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. तिथल्या पानाचीही आता प्रयोगशाळेत दखल घेतली गेली आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका थाई अभ्यासात देशी बदामाच्या पानांचा अर्क तिलापियाच्या काही रोगकारकांवर वापरून पाहिला. एक परजीवी, एक जिवाणू आणि अंड्यांवरची बुरशी, तिन्हींना तो आवर घालतो असं दिसलं. पानातल्या टॅनिनचा यात वाटा आहे. कुजलेल्या भयंकर पाण्याला पान पुरं पडत नाही, हेही तितकंच खरं. आधी पाणी बदलायचं, मग पान.

आणि ते पान विकत घ्यायची गरज ठाण्या-मुंबईत कुणाला नाही. आमच्या सोसायटीच्या दारात बदाम आहे, तसा तो शेकडो सोसायट्यांच्या दारात आहे. थंडी सरता सरता त्याची पानं लालभडक होऊन गळतात आणि झाडूवाले ढीग करून जाळतात. गळालेली, पूर्ण सुकलेली, कोरी पानं उचलायची. हिरवी तोडायची नाहीत. औषध फवारलेल्या झाडाची किंवा हमरस्त्याच्या धुराखालची नकोत. स्वच्छ धुऊन, वीस लिटरच्या टाकीत तळहाताएवढं एक पान टाकायचं. ते एक-दोन दिवस तरंगतं, मग बसतं. पाणी तांबूस झालं म्हणून घाबरून बदलू नये. दोन-तीन आठवड्यांनी पानाची जाळी उरली की ती काढून दुसरं टाकावं.