औरंगाबाद, लखनौ, कैरो : एका विचाराचा प्रवास

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आनंदाचे विषय असावेत, हे खरेच. तथापि ज्या शहराने आपल्या मंडळाला पन्नास वर्षे आसरा दिला, त्या शहराच्या इतिहासातील एखाद्या अवघड प्रकरणाकडेही अशा प्रसंगी शांतपणे पाहावे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आपल्या महानगर वसाहतीतून आय. टी. चौराह्यावरून विद्यापीठाकडे निघाले की गोमतीच्या उत्तर तीरावर, विद्यापीठाच्या शेजारीच, ‘दारुल उलूम नदवतुल उलमा’ या विद्यापीठाची भव्य वास्तू दिसते. आपण मराठी माणसे वर्षानुवर्षे तिच्यावरून ये-जा करीत आलो. परंतु विसाव्या शतकातील एका मोठ्या वैचारिक वादाचा महत्त्वाचा अंक तेथे घडला, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. त्या वादाचा एक धागा थेट आपल्या मराठवाड्यापर्यंत पोहोचतो, याची तर त्याहूनही थोड्यांना.

एखाद्या दहशतवादी कृत्याची वार्ता आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : हे विष मुळात आले कोठून? त्यावर दोन उत्तरे तयारच असतात. एक म्हणते, हे सारे त्या धर्मात पहिल्यापासूनच आहे. दुसरे म्हणते, याचा धर्माशी काडीचाही संबंध नाही. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण ती दिली की इतिहास वाचण्याचे कष्ट वाचतात.

तलवार हाती घेऊन धर्मराज्य स्थापण्याचे प्रयत्न पूर्वी झालेच नाहीत, असे नाही. येथून जवळच्या रायबरेलीचे सय्यद अहमद यांनी वायव्य सरहद्दीवर शिखांविरुद्ध जिहाद पुकारला आणि ६ मे १८३१ रोजी बालाकोट येथे ते मारले गेले. परंतु १८५७ च्या पराभवानंतर उत्तर हिंदुस्थानातील मुस्लिम विद्वानांचे मन प्रामुख्याने शिक्षणाकडे वळले. १८६६ मध्ये देवबंद, १८७५ मध्ये अलीगढ आणि १८९८ मध्ये लखनौचे हे दारुल उलूम या संस्था उभ्या राहिल्या. जुनी विद्या आणि नवे जग यांचा मेळ घालावा, हा लखनौच्या संस्थेचा हेतू होता. १९१६ च्या डिसेंबरात याच लखनौत काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात करार झाला, तेव्हा लोकमान्य टिळक त्याच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले होते, हेही आपण विसरता कामा नये.

पुढे खिलाफतीची चळवळ उसळली. ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कस्तानानेच खिलाफत रद्द केली आणि ज्या प्रतीकासाठी हजारो लोक तुरुंगात गेले होते, ते प्रतीकच नाहीसे झाले. या पोकळीत एक तरुण पत्रकार विचार करू लागला होता. त्याचे नाव सय्यद अबुल आला मौदूदी. त्याचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी, तेव्हाच्या निजामी मुलखातील औरंगाबाद शहरी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. त्याचे वडील वकील होते. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला आणि इस्लाम हा तलवारीचा धर्म आहे, असा आरोप सर्वत्र होऊ लागला. त्याला उत्तर म्हणून १९२७ मध्ये मौदूदींनी जिहादवर लेखमाला लिहिली. बचावाच्या भूमिकेतून आरंभलेले हे लेखन पुढील बारा वर्षांत एका संपूर्ण राजकीय तत्त्वज्ञानात परिणत झाले.

हे तत्त्वज्ञान वरून जुने दिसले, तरी त्याचा साचा नवा होता, आणि हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे. सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे. म्हणून मानवाने स्वतः केलेल्या कायद्यावर चालणारे प्रत्येक राज्य, मग ते लोकशाहीचे का असेना, ईश्वराशी द्रोह करणारे, असे मौदूदींनी प्रतिपादिले. इस्लाम ही एक क्रांतिकारक विचारप्रणाली आणि मुसलमान हा तिचा आंतरराष्ट्रीय पक्ष, असे त्यांनी १९३९ मध्ये लाहोरच्या व्याख्यानात मांडले. सर्वंकषतेच्या बाबतीत आपले इस्लामी राज्य फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट राज्यांशी काहीसे मिळतेजुळते असल्याचेही त्यांनी त्याच सुमारास नमूद केले. विचारप्रणाली, क्रांती, पक्ष, सर्वंकष राज्य हे शब्द मध्ययुगीन मदरशातले नव्हेत. ते युरोपातील दोन महायुद्धांच्या मधल्या काळाचे आहेत. २६ ऑगस्ट १९४१ रोजी लाहोरास त्यांनी ‘जमाते इस्लामी’ची स्थापना केली. येथे न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, मौदूदी स्वतः गुप्त कटांच्या विरुद्ध होते. सनदशीर मार्गाने सत्तेपर्यंत पोहोचावे, असे त्यांचे मत होते. परंतु कल्पनेला पाय फुटले की ती जनकाच्या आज्ञेत राहत नाही.

आता लखनौकडे वळू. नदव्यात १९३४ पासून अध्यापन करणारे सय्यद अबुल हसन अली नदवी, ज्यांना लोक प्रेमाने ‘अली मियाँ’ म्हणत, हे बालाकोटला पडलेल्या सय्यद अहमद यांच्याच घराण्यातले. मौदूदींच्या लेखणीने प्रभावित होऊन तेही आरंभी जमातीत गेले. लखनौचेच मौलाना मंजूर नोमानी हेही संस्थापकांत होते. परंतु दोन-तीन वर्षांच्या आतच दोघेही बाहेर पडले. तथापि विचाराचा प्रवास थांबला नाही. उत्कृष्ट अरबी हे नदव्याचे वैशिष्ट्य होते. तेथीलच मसूद आलम नदवी यांनी मौदूदींचे ग्रंथ अरबीत उतरविले आणि उर्दूतील विचार अरब जगाच्या दारी नेऊन ठेवला.

खुद्द अली मियाँचा एक अरबी ग्रंथ १९५० मध्ये कैरोत प्रसिद्ध झाला. मुसलमानांच्या ऱ्हासाने जगाचे काय नुकसान झाले, हा त्याचा विषय. त्यात आधुनिक युरोपच्या भौतिकवादाला त्यांनी ‘जाहिलिया’, म्हणजे इस्लामपूर्व अज्ञानयुग, हे नाव दिले होते. पुढल्या आवृत्तीस प्रस्तावना लिहिली ती सय्यद कुत्ब या इजिप्शियन साहित्यिकाने. १९५१ मध्ये अली मियाँ कैरोस गेले, तेव्हा दोघांची भेटही झाली. पुढे कुत्ब मुस्लिम ब्रदरहूडमध्ये शिरले. १९५४ मध्ये पंतप्रधान नासर यांच्यावरील हल्ल्यानंतर जी धरपकड झाली, तीत तेही सापडले. तुरुंगातील छळाच्या छायेत त्यांनी मौदूदींचे ईश्वरी सार्वभौमत्व आणि जाहिलियेची कल्पना एकत्र आणून त्यांना भयंकर धार दिली. १९६४ च्या त्यांच्या छोट्याशा पुस्तकात सारे जग, स्वतःला मुस्लिम म्हणविणारे समाजदेखील, जाहिलियेत बुडालेले आहे, असा निष्कर्ष आला. २९ ऑगस्ट १९६६ रोजी कुत्ब फासावर गेले आणि पुस्तकाला हौतात्म्याचे तेज चढले. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष सादात यांचा खून करणाऱ्या गटाने याच विचाराचे टोक गाठले होते : राज्यकर्ता धर्मभ्रष्ट, म्हणून त्याचा वध हे कर्तव्य!

एखाद्या मुसलमानालाच काफिर ठरविण्याच्या या वृत्तीला अरबीत ‘तक्फीर’ म्हणतात. ती कोठे नेते, याचा इशारा पाकिस्तानला १९५३ मध्येच मिळाला होता. लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगली उसळल्या. लष्करी न्यायालयाने मौदूदींना मृत्युदंड फर्माविला, जो नंतर रद्द झाला. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या मुनीर आयोगाने मुसलमान कोणास म्हणावे, असा प्रश्न उलेमांना विचारला. कोणत्याही दोन विद्वानांचे उत्तर जुळत नाही, असे आयोगाने १९५४ च्या अहवालात नमूद केले.

अशा वेळी लखनौतून एक आवाज उठला. १९७८ मध्ये अली मियाँनी उर्दूत ग्रंथ लिहून मौदूदी आणि कुत्ब या दोघांचेही खंडन केले. त्यांचा युक्तिवाद विद्वत्तेइतकाच साध्या श्रद्धेचाही होता. कुराणातील मूळ संज्ञांचा अर्थ शतकानुशतके हरवला होता, असे मौदूदी म्हणतात; मग तेवढी शतके कोट्यवधी श्रद्धावंतांनी जी उपासना केली, ती काय अर्थहीन होती? ईश्वर आणि मनुष्य यांचे नाते केवळ राजा आणि प्रजेचे मानले, तर प्रेम, शरणागती आणि भक्ती यांना जागा कोठे उरली? नमाज हे राज्य मिळविण्याचे साधन नव्हे. राज्य मिळाले तर तेच साधन, आणि उपासना हे साध्य. भक्तीचे हे महत्त्व वारकऱ्यांच्या मुलखातून आलेल्या आपणांस वेगळे समजावून सांगावयास नको.

अली मियाँ आपल्या हमीद दलवाईंसारखे सुधारक नव्हते. कित्येक सामाजिक प्रश्नांवर ते परंपरेच्याच बाजूला उभे राहिले. म्हणूनच त्यांच्या टीकेला वजन होते. ज्याने तो विचार जवळून पाहिला, काही काळ खांद्यावरही वाहिला, त्यानेच त्यातील दोष दाखविला होता.

मग हा आवाज क्षीण का ठरला? कारण पुढील निर्णय ग्रंथालयांत झाले नाहीत. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाहू लागला. १९७९ या एकाच वर्षात पाकिस्तानात झिया-उल-हक यांचे हुदूद कायदे आले, इराणात क्रांती झाली, सशस्त्र टोळीने मक्केची मशीद बळकावली आणि डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. त्या युद्धात अमेरिका, सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी एका विचाराच्या हाती बंदुका दिल्या. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या. बंदुका मात्र राहिल्या, आणि त्यांचे सर्वाधिक बळी पुढे मुसलमानच ठरले. इतिहासाचा विनोद असा की, सौदी अरेबियाचे ‘किंग फैसल’ पारितोषिक १९७९ मध्ये मौदूदींना आणि १९८० मध्ये त्यांचे खंडन करणाऱ्या अली मियाँना मिळाले! मौदूदी २२ सप्टेंबर १९७९ रोजी निवर्तले, अली मियाँ ३१ डिसेंबर १९९९ रोजी.

या साऱ्याचे तात्पर्य काय? अतिरेकी विचार आकाशातून पडला नाही, की रक्तातूनही आला नाही. पराभव, अपमान, उसनी युरोपीय साधने, तुरुंग, पैसा आणि शस्त्रे यांच्या संयोगाने तो माणसांनी घडविला. त्याने धर्माचीच भाषा वापरली, म्हणून धर्माशी त्याचा संबंध नाही, असे म्हणून चालणार नाही. परंतु त्याच भाषेत, त्याच ग्रंथांच्या आधारे, त्याला उत्तरही दिले गेले. जे माणसांनी घडविले, ते माणसांना खोडूनही काढता येते.

औरंगाबादेत जन्मलेल्या माणसाच्या विचाराला लखनौच्या माणसाने दिलेले उत्तर आपल्या वसाहतीपासून अवघ्या काही फर्लांगांवर लिहिले गेले. शेजाऱ्यांविषयी मत बनविण्यापूर्वी त्यांच्या घरात चाललेला वाद कान देऊन ऐकावा, एवढे जरी आपण या शहरात राहून शिकलो, तरी आपला येथील वास सार्थकी लागला असे म्हणता येईल.