भूकंप थांबल्यानंतरचे मृत्यू

17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी जपानमधील कोबे शहर भूकंपाने हादरले. या आपत्तीत 6434 माणसे दगावली. त्यांपैकी नऊशेहून अधिक माणसे मात्र ढिगाऱ्याखाली किंवा आगीत सापडून मेलेली नव्हती. ती भूकंपातून वाचली आणि पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत गेली. जपानी प्रशासनाने अशा मृत्यूंचा 'आपत्तीशी संबंधित मृत्यू' असा वेगळा वर्गच केला.

ही माणसे बहुतेक वृद्ध होती. ती कशाने गेली हे समजण्यासाठी निवारा डोळ्यांसमोर आणावा लागेल. जपानमध्ये निवारा म्हणजे बहुधा शाळेची व्यायामशाळा. (आपल्याकडेही 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात लोक शाळांतच राहिले होते.) जानेवारीतली थंडी, लाकडी जमीन, अंगाखाली एखादे पांघरूण. धडधाकट माणूस तेथे चार रात्री काढू शकतो. पण ज्याला जमिनीवरून उठताच येत नाही, त्याने काय करायचे? स्वच्छतागृह लांब, आणि वाटेत दाटीवाटीने झोपलेली माणसे. म्हणून म्हातारी माणसे पाणीच कमी पितात. शरीरातले पाणी घटले आणि हालचाल थांबली, की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस पाहता पाहता जातो. 2004 मध्ये नीगाता प्रांतातील भूकंपानंतर मोटारीत बसून रात्री काढणाऱ्यांपैकी काहीजण असेच दगावले. दात घासायला पाणी नसणे ही क्षुल्लक गैरसोय वाटते. पण तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून वृद्धांना न्यूमोनिया होतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाची अडचण तर आणखी वेगळी. डायलिसिसच्या एका वेळेला सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागते, आणि कोबेत नळच कोरडे होते.

कोबेनंतर 'कल्याण निवारा' ही कल्पना पुढे आली. वृद्धाश्रम, अपंगांची केंद्रे अशा ठिकाणी खाटा, चाकाची खुर्ची जाईल असे दरवाजे आणि शुश्रूषा करणारी माणसे आधीपासूनच असतात. मग गरजूंना तेथेच न्यावे. असा पहिला निवारा 2007 च्या नोतो भूकंपात वाजिमा येथे उघडला. बारा वर्षे गेली होती!

तरीही 2011 मध्ये, त्सुनामीनंतर, फुकुशिमा अणुवीज केंद्राजवळच्या एका रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कित्येक तास बसमध्ये बसवून एका शाळेत नेले गेले. काहींनी बसमध्येच प्राण सोडला. मदत करणाऱ्या संस्थांपुढे आणखी एक प्रश्न होता : अपंग माणसे राहतात तरी कोठे? नगरपालिकांकडे नोंदी होत्या, पण खासगी माहिती म्हणून त्या कपाटात राहिल्या. मिनामिसोमा शहराने मात्र यादी संस्थांच्या हाती दिली, आणि कार्यकर्ते घरोघर पोचले. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. इमारतीइतकीच यादीही लागते, हे तेथे कळले. 2013 मध्ये अशी यादी ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. 2021 पासून प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र योजना करण्याचा प्रयत्न नगरपालिकांनी करावा, असे कायदा सांगतो. कोणी न्यायचे, कोठे न्यायचे, कोणती औषधे सोबत घ्यायची, हे सारे आधीच लिहून ठेवायचे.

मधल्या काळात, 2016 च्या कुमामोतो भूकंपात, धक्क्यांनी 50 बळी गेले आणि संबंधित मृत्यू दोनशेच्या वर झाले. कल्याण निवाऱ्यांचे करार झालेले होते, पण आयत्या वेळी त्यांतले बरेचसे उघडलेच नाहीत, कारण शुश्रूषा करणारी माणसे स्वतःच भूकंपग्रस्त होती. 1 जानेवारी 2024 रोजी नोतो पुन्हा हादरले, तेव्हाही तसेच झाले. रस्ते दरडींखाली गेले होते, कर्मचारी पोचू शकत नव्हते, आणि अनेक वृद्धांना शेवटी कानाझावासारख्या दूरच्या शहरांत हलवावे लागले. याही वेळी संबंधित मृत्यूंची संख्या प्रत्यक्ष बळींहून अधिक झाली.