आमच्या शाळांतील शेतीचा धडा

इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात खेड्यांतील मुलांस मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, आणि ते प्रत्यक्ष देता यावे म्हणून शाळेस लहानसे नमुन्याचे शेत असावे, अशी मागणी होती. त्या मागणीचे पुढे आमच्या महाड-पोलादपूर भागात काय झाले, हे ज्ञातिबांधवांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्याकडील शेती म्हणजे भाताची, आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरीची. भाताचा आरंभ राबापासून. पावसाळ्यापूर्वी शेण, कवळ, पातेरा व गवत यांचे थर पसरून, वर माती टाकून ती जागा भाजावयाची व तेथे रोपे करावयाची, ही आमच्या वाडवडिलांची रीत. सरकारच्या जंगलखात्यास ती झाडांची नासाडी वाटली. कवळ तोडण्यावरून तंटे झाले, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी १८८५ साली जो आयोग नेमला गेला, त्यासही राबाचा विचार करावा लागला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी प्रयोग केले. राबाचा गुण केवळ राखेत नसून जमीन तापण्यातही आहे, असे त्यांस आढळून आले. निरक्षर कुळवाड्याच्या रीतीत शास्त्र होते, हे शास्त्रज्ञांनी मान्य केले. मात्र आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही जो शेतीचा धडा पाठ केला, त्यात काळी जमीन, ज्वारी व कापूस होता. राबाचे नावही नव्हते!

परंतु दोष केवळ पुस्तकाचा नव्हता. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाने अधिक पिकविले, तर अर्धेलीच्या हिशेबाने खोताचा वाटाच वाढे. अशा घरातील मुलास सुधारलेली शेती शिकवून काय उपयोग? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कुळांस मालकीचा मार्ग मोकळा झाला. तोवर एक पिढी मुंबईच्या गिरण्यांत गेलेली होती, आणि शाळा म्हणजे चिखलातून बाहेर पडण्याची वाट, ही समजूत घरोघर पक्की झाली होती.

मुदलियार आयोगाने १९५३ साली बहुउद्देशीय माध्यमिक शाळांत शेतीची शाखा सुचविली. कोठारी आयोगाने १९६६ साली, शालेय वयात शेतीचा धंदा शिकविण्याचे यत्न फसले, असे स्पष्ट सांगून सर्वांसाठी कार्यानुभवाची शिफारस केली. आयोगाचे शब्द कागदावर उत्तम होते. आम्ही नोकरीच्या आरंभी ज्या एका शाळेत होतो, तेथे कार्यानुभवाच्या तासास मुलांना संस्थेतील एका वजनदार गृहस्थांच्या शेतात लावणीस नेत. एका विद्यार्थ्याच्या आईने आम्हांस वाटेत थांबवून विचारले, "गुरुजी, चिखल तुडवायला पोराला घरी शेत नव्हतं का? शाळेत कशाला धाडलाय मी त्याला?" आम्ही खाली मान घालून निघून गेलो. नोकरी नवी होती, हे कारण आज सांगावयास लाज वाटते.

पुढे दुसऱ्या शाळेत आम्ही एक साधा प्रयोग दरवर्षी करीत असू. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी ओतावयाचे. पोकळ बी वर तरंगते, ते काढून टाकावयाचे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावयाचे. मुले घरून बी आणीत, आणि आपल्याच घरच्या बियाण्यापैकी किती तरंगते ते पाहून चकित होत. एका मुलाच्या आजोबांनी प्रथम हसून घेतले. "आम्ही सुपाने पाखडतो, तेच तुमचं मीठ!" त्यांचे बोलणे खोटे नव्हते. पाखडण्याने फोल जाते, पण जे अर्धवट भरलेले बी सुपात टिकते, ते मिठाच्या पाण्यात उघडे पडते. पुढील ज्येष्ठात त्यांनीच नातवास शाळेची बादली मागावयास धाडले.

कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे, दापोलीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. ज्ञान दूर नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून मुलांस व्यवसायांचा परिचय करून देण्याचे ठरले आहे. उणीव जमिनीची आहे. आपल्या अनेक बांधवांची शेते, घरे बंद करून मुंबईस गेल्यामुळे, पडीक आहेत. त्यांपैकी शाळेजवळचे पाच-दहा गुंठे कोणी रीतसर लेखी कराराने शाळेस वापरावयास द्यावेत. मात्र करारात एक अट अवश्य घालावी, की तेथे पिकेल ते भात मुलांच्या घरी जाईल.