बर्नली ते सोलापूर : एका अनियमित नाडीचा इतिहास

मनगटावरचं घड्याळ आता ईसीजी काढतं. तीस सेकंद बोट टेकवून बसायचं, पडद्यावर आलेख उमटतो आणि खाली निकालही येतो. या सोयीमागचा इतिहास बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी ईसीजीचं यंत्र बनवलं. ते सुमारे २७० किलोचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. १९२४ साली आइन्थोव्हेनना नोबेल मिळालं, आणि पुढे यंत्र लहान होत होत मनगटावर आलं.

यात खोटं काहीच नाही. पण हा झाला यंत्राचा इतिहास. बिघडलेली लय ज्यांच्या छातीत होती, त्या माणसांचा इतिहास वेगळ्याच गावात सापडतो. मी सोलापूरचा. त्या गावाबद्दल वाचायला लागलो आणि ते मला चांगलंच ओळखीचं वाटलं.

सुताचं गाव

त्या गावाचं नाव बर्नली. इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यातलं हे कापड गिरण्यांचं गाव. धुराडी, भोंगे, दाटीवाटीची घरं. १८७९ साली जेम्स मॅकेन्झी नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर तिथे जनरल प्रॅक्टिस करायला आला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७७ मध्ये, आपल्या सोलापुरात ‘जुनी गिरणी’ सुरू झाली होती.

सुरुवातीच्या वर्षांतच हृदयाचा आजार असलेली एक तरुण बाई बाळंतपणात मॅकेन्झींच्या डोळ्यांदेखत गेली. कुणाचं हृदय बाळंतपण सोसेल आणि कुणाचं नाही, हे आधी ओळखता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. उत्तरासाठी ते रुग्णांची नाडी तपासत राहिले, तीही एकदा-दोनदा नव्हे, तर त्याच माणसांची वर्षानुवर्षं. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेचे ठोके एकाच कागदावर उमटतील असं यंत्र त्यांनी जवळपासच्या एका घड्याळजीच्या मदतीने तयार करून घेतलं. त्याला पॉलिग्राफ म्हणत. हृदयाची लय दाखवणारं यंत्र तेव्हाही घड्याळजीच्याच हातून आलं, ही मला मोठी गंमत वाटते.

या कागदांवरून मॅकेन्झींना अनियमित नाडीचे प्रकार वेगळे करता आले. अधूनमधून एखादा जादा ठोका पडणारी माणसं पुढे कितीतरी वर्षं ठणठणीत जगतात, हे त्यांनी पाहिलं. दुसरा प्रकार मात्र काळजीचा होता. त्यात नाडीला कसलाच नियम उरत नव्हता. झडपेच्या आजाराच्या एका बाईला ते बरीच वर्षं तपासत होते. १८९८ मध्ये तिची नाडी एकाएकी पूर्ण विस्कळीत झाली आणि मानेतल्या शिरेवर अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, आकुंचनामुळे दिसणारी लाट गायब झाली. कप्पा नीट आकुंचन पावत नव्हता हे उघड होतं, पण मग तो करत काय होता? उत्तर १९०९ मध्ये मिळालं. लंडनच्या थॉमस लुईस यांनी आइन्थोव्हेनच्या यंत्रावर दाखवलं की अलिंद थांबलेला नसतो, तो नुसता थरथरत असतो. त्याच वर्षी व्हिएन्नातही हेच दिसून आलं. यालाच आपण आज एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात ‘एएफ’ म्हणतो.

घशातून झडपेत

मॅकेन्झींच्या अशा अनेक रुग्णांच्या आजाराचं मूळ संधिवाताच्या तापात होतं. लहानपणी, साधारण ५ ते १५ या वयात, स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा धरतो. घसा बरा होतो, पण काही मुलांमध्ये जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे सुटतात, झडप मात्र वर्षागणिक जाड आणि अरुंद होत जाते. तिच्यामागचा अलिंद ताणला जातो आणि एक दिवस त्याची लय सुटते. थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात.

हा जंतू एका खोलीत सात-आठ जण झोपतात तिथे सहज पसरतो. युरोपात या तापाचं प्रमाण पेनिसिलिन येण्याच्या आधीपासूनच उतरत होतं, आणि त्याचं श्रेय घरातली गर्दी कमी होण्याला दिलं जातं. पुढे औषधांनी उरलेलं काम केलं. म्हणून तिकडे आज एएफ हा प्रामुख्याने उतारवयातला आजार आहे. रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेलं वय ही त्याची नेहमीची कारणं.

आपल्याकडे ही जुनी कारणं गेलेली नाहीत, नवी त्यांच्या शेजारी येऊन बसली आहेत. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशभरातल्या १५३७ एएफ रुग्णांची नोंद केली, तेव्हा त्यांचं सरासरी वय ५५ च्या आसपास निघालं आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या झडपा संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या होत्या.

आमच्या पूर्व भागात हे समजायला आकडे लागत नाहीत. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि माळ्यावर पोरं, अशी घरं मी लहानपणापासून पाहिली. शेजारच्या अक्का विड्या वळायच्या. अडतिसाव्या वर्षी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून सूप गळून पडलं. तपासणीत झडप अरुंद आणि नाडी विस्कळीत निघाली. त्याआधी धडधड व्हायची, दम लागायचा, पण “कामाचा शीण असंल” म्हणून त्या गप्प बसायच्या. पुढे आयुष्यभर त्यांनी रक्त पातळ करायची गोळी घेतली. हात बराचसा परत आला, विड्या मात्र पूर्वीच्या वेगाने वळता आल्या नाहीत. विडीची मजुरी नगावर मिळते, तेव्हा याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

आजचे उपचार कुणासाठी?

लय बिघडण्याचे प्रकार अनेक, आणि उपचारही तितकेच वेगवेगळे. ठोके फार मंद झाले तर पेसमेकर. पूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना लावला गेला. पुढे २० हून जास्त यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत जगले. जीवघेण्या वेगवान लयीसाठी १९८० पासून शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर आहे. अचानक सुरू होऊन अचानक थांबणाऱ्या धडधडीच्या काही प्रकारांत शिरेतून तार घालून दोषाची नेमकी जागा निकामी करतात. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात, आणि बहुतेकांचा त्रास त्याने कायमचा जातो. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की एएफची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तेव्हापासून एएफवरही अ‍ॅब्लेशन होतं, आणि आता त्यासाठी उष्णतेऐवजी विजेचे अतिसूक्ष्म झटके वापरले जाऊ लागले आहेत.

जादा ठोक्यांबद्दल मात्र १९८९ चा एक धडा विसरू नये. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमधले जादा ठोके काही औषधांनी दाबून पाहिले गेले. ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले. आलेख सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही, हे वैद्यकशास्त्राला तेव्हा महागात शिकावं लागलं.

अक्कांसारख्यांचं काय? झडप खूप खराब असेल तर आधी तिच्याकडे बघावं लागतं. काहींची झडप फुग्याने रुंद करता येते, काहींची बदलावी लागते. गुठळी टाळण्याची गोळी तर हवीच. झडपा चांगल्या असलेल्या एएफ रुग्णांना आता नव्या गोळ्या मिळतात, त्यांना वारंवार रक्त तपासावं लागत नाही. त्याच गोळ्या संधिवाताच्या झडपेलाही चालतील असं अनेकांना वाटत होतं. २४ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर हे पडताळलं गेलं, आणि दिल्लीच्या एम्सच्या गणेशन कार्तिकेयन यांचा त्यात मोठा वाटा होता. रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीचं, आणि दहापैकी सात बायका. २०२२ मध्ये निकाल आला : जुन्या वॉरफरिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होते. म्हणजे या रुग्णांसाठी जुनी, स्वस्त गोळीच सरस ठरली. पण तिच्यासाठी नियमित आयएनआर तपासावा लागतो, मेथी-पालक एकदम वाढवून किंवा सोडून चालत नाही, आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी बुडते. गोळी स्वस्त असली तरी ती घेत राहणं स्वस्त नाही.

घड्याळाचं तंत्रज्ञान खोटं नाही. अमेरिकेत चार लाख १९ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात घड्याळाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना अनियमित नाडीची सूचना दिली, आणि त्यातल्या काहींचं एएफ वेळेत कळलं. तुमच्या घड्याळाने अशी सूचना दिली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. साधा ईसीजी काढा, गरज वाटली तर डॉक्टर होल्टर लावून दिवसभराची लय नोंदवतील. घरात घड्याळ नसेल तर तीन बोटं पुरतात. आईच्या, आत्याच्या, कामावर येणाऱ्या मावशींच्या मनगटावर मिनिटभर ठेवा. ठोक्यांना कसलाच ताल लागत नसेल तर त्यांना दवाखान्यात न्या. आणि घरातल्या पोराचा घसा वारंवार धरत असेल, सांधे सुजत असतील, तर तेही दाखवा. संधिवाताचा ताप निघाला तर दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन झडप वाचवू शकतं.

कुंभारीची घरं

सोलापूरजवळ कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार बायकांच्या स्वतःच्या नावाची १० हजार घरं उभी राहिली, गोदूताई परुळेकर वसाहत. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या १५ हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नरसय्या आडम आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. या घरांबद्दल राजकारणाच्या पानावर भरपूर छापून आलं आहे. मला ती हृदयरोगाच्या इतिहासातही लिहावीशी वाटतात. पेनिसिलिनच्याही आधी युरोपातल्या मुलांच्या झडपा ज्या गोष्टीने वाचवल्या, ती गोष्ट हीच होती : झोपायला थोडी जास्त जागा.

मॅकेन्झी १९०७ मध्ये लंडनला गेले आणि नामांकित झाले, पण त्यांचं मोठं शिक्षण बर्नलीच्या गल्ल्यांतच झालं होतं. यंत्राने शिकावं आणि मग बोटांनी, डोळ्यांनी रुग्ण ओळखावा, असं त्यांचं म्हणणं होतं. नाडी बघायला गेलेल्या माणसाला तिथे घरही दिसायचं. आज आलेख घड्याळातून थेट डॉक्टरच्या फोनवर जातो. त्यात लय अगदी स्पष्ट दिसते. त्या खोलीत किती जण झोपतात, ते मात्र अजूनही जाऊनच बघावं लागतं.