जात्याचा दगड आणि वारशाची गणना

हिंगोली जिल्ह्यातील प्राचीन ठेव्याची यादी करावयास बसले म्हणजे पहिली दोन नावे कोणास विचारावी लागत नाहीत. औंढ्याचे नागनाथ मंदिर हे एक आणि कयाधूच्या काठचे नर्सी हे दुसरे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा वयाने लहान आहे. परंतु त्याची भूमी जुनी आहे आणि तिचा काळा दगड त्याहूनही जुना. औंढ्याच्या मंदिराचा खालचा भाग यादवकाळातील. त्यावरील हत्तीघोड्यांच्या पट्ट्या आणि मूर्ती पाहताना, इतक्या कठीण दगडातून इतके मऊ काम कसे उतरले असेल, असा प्रश्न प्रत्येक यात्रेकरूस पडतो. मंदिराचा वरचा भाग पुढच्या काळातला आहे, हे जाणकाराखेरीज इतरांसही दिसते. मंदिरांमागून यादीत बारवा येतात, गढ्या येतात, वीरगळ येतात. यादी तेथे संपते.

याच काळ्या दगडाची आणखी एक घडण या जिल्ह्याच्या प्रत्येक गावात, आणि एके काळी बहुधा प्रत्येक घरात होती. ती कोणत्याही यादीत नाही. आम्ही जात्याविषयी बोलत आहोत. आमच्या मते हा विसर नव्हे. वारसा कशास म्हणावयाचे, याविषयीची आमची सर्वांची समजूतच मुळात मंदिर बांधणाऱ्याच्या बाजूने झुकलेली आहे आणि दळणाऱ्या बाईकडे तिची पाठ आहे.

जात्याची रचना आज नव्या पिढीस सांगावी लागते, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन वाटोळ्या तळ्या, खालची जमिनीत बसविलेली, स्थिर, वरची फिरती. खालच्या तळीच्या मध्यभागी खुंटी. वरच्या तळीच्या तोंडात लाकडाची माकडी आडवी बसते आणि तिच्या आधाराने वरचा दगड त्या खुंटीवर तोलला जातो. कडेला हाताने धरावयाचा खुंटा. तोंडातून मूठमूठ धान्य सोडावयाचे. त्या मुठीला वैरण म्हणतात. दगड काळा, म्हणजे लाव्हारसाचा थिजलेला खडक. तो फार ठिसूळ असेल तर भाकरीत कच येते; फार गुळगुळीत झाला तर धान्य भरडले जाते, पीठ होत नाही. म्हणून दोन्ही तळ्यांच्या आतल्या अंगाला अधूनमधून टाकी लावावी लागे. वडार किंवा पाथरवट आपली छिन्नी-हातोडी घेऊन गावात हाक देत फिरे आणि त्याच्या टाकीच्या खुणांनी दगडाचा मुखडा पुन्हा खरबरीत होई. ज्वारीच्या या मुलखात घरची भाकरी त्या खुणांवर अवलंबून असे.

जाते आमच्याकडे अनादी काळापासून आहे, असे सहज म्हटले जाते. ते खरे नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्या घरांतील बाई गुडघे टेकून, आपल्या आजच्या पाट्यासारख्या दगडावर, दुसरा दगड पुढेमागे ओढून धान्य वाटीत होती. फिरते जाते त्यानंतर कित्येक शतकांनी आले. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. तेथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांच्या थरांतून फिरत्या जात्याच्या तळ्या निघाल्या आणि सांकलियांना त्या इतक्या महत्त्वाच्या वाटल्या की त्यांनी त्यांवर १९५९ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. पुढेमागे ओढण्याच्या श्रमाचे वर्तुळात फिरविण्याच्या श्रमात रूपांतर झाले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पाठ आणि गुडघे यांवरचा भार हलका झाला, दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरू शकल्या, आणि श्रमाला लय आली. पाटा मात्र हटला नाही. तो मसाल्यासाठी राहिला; बारशाच्या दिवशी बाळाआधी पाळण्यात निजण्याचा मान आजही वरवंट्याला मिळतो.

लय आली आणि तिच्यावर ओवी बसली. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख आहे. मात्र तेथे काम सांगितले आहे ते कांडण्याचे. म्हणजे उखळ आणि जाते या दोन्ही ठिकाणी हे गाणे वावरत होते. हीच ओवी पुढे ज्ञानेश्वरांनी ग्रंथासाठी घेतली आणि हीच, तीन शतकांनंतर, फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे छापून प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुराणासाठी स्वीकारली. आपल्या वाचकांना ख्रिस्तपुराणाची थोरवी सांगावयास नको. परंतु त्या थोर ग्रंथाच्या छंदाचे माहेर जात्यापाशी आहे, हे किती वेळा आठवते?

बायबलच्या वाचकाला तर जाते परके नाहीच. गालिलीचा दगड आमच्या दख्खनसारखाच काळा, ज्वालामुखीचा. कफर्णहूमच्या उत्खननात त्याची जाती निघालेली आहेत. अनुवादाच्या पुस्तकात कर्जापोटी कोणाचे जाते, किंवा जात्याची वरची तळीदेखील, गहाण ठेवून घेण्यास मनाई केली आहे, कारण ते त्या माणसाचा जीवच गहाण ठेवल्यासारखे होईल. यिर्मयाला उद्ध्वस्त गावाचे चित्र रेखावयाचे होते, तेव्हा त्याने तेथे जात्याचा आवाज थांबल्याचे सांगितले. आमच्या गावांत तो आवाज थांबला, पण गाव उद्ध्वस्त झाले नाही. पिठाची गिरणी आली. हा फरक आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत.

आता नर्सीकडे वळू. नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये नर्सी येथे झाला, अशी येथील परंपरा आहे. त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा औंढ्याच्या नागनाथाशी जोडलेली आहे. नामदेवांच्या कुटुंबात लहानपणापासून राबलेली जनाबाई मूळची गंगाखेडची, म्हणजे शेजारच्या परभणी जिल्ह्यातील. देव तिला दळू लागला ही कथा महाराष्ट्रातील लेकरालाही ठाऊक आहे आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे जाते म्हणून एक जाते भाविकांना दाखविले जाते. आम्हांस या कथेत विशेष वाटते ते असे. जनाबाई दासी होती. ती दळीत होती ते पीठ तिच्या घरचे नव्हते. ज्या घराचे नाव आज जिल्ह्याच्या मानबिंदूंत पहिले आहे, त्या घराचे दळण जिच्या हाताने होत होते, तिच्या श्रमाचे साधन मात्र जिल्ह्याच्या वारशात मोडत नाही.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. जात्याविषयी लिहिणारे बहुतेक जण जाते न ओढलेले असतात. पहाटेचा गार वारा, घरघर, गोड गळा, असे चित्र रंगविणे सोपे आहे. कयाधूकाठच्या एका गावी एका वृद्ध बाईंशी आमचे बोलणे झाले. गिरणी आली तेव्हा वाईट वाटले का, असे विचारताच त्या हसल्या. वाईट कशाचे, हाताचे घट्टे गेले, एवढेच त्या म्हणाल्या. नंतर थोडा वेळ गप्प बसून, गाणी कुठे म्हणायची हे मात्र कळेना, असे त्यांनी आपणहून सांगितले. त्यांचे जाते आम्ही पाहिले. वरची तळी न्हाणीपाशी पालथी घातलेली होती आणि तिच्यावर कपडे धुतले जात होते. खालची अजून ओसरीच्या कोपऱ्यात, जमिनीत, जिथल्या तिथे होती.

त्या खालच्या तळीने आमचे लक्ष वेधले. जाते हे हलविण्याची वस्तू नव्हे. बाई लग्न होऊन येते, तेव्हा जाते आधीच घरात बसलेले असते. सासूने, आजेसासूने ते ओढलेले असते. माहेरच्या ओव्या घेऊन ती येते आणि सासरच्या दगडावर त्या गाते. दगड जागेवर राहतो, बाया बदलतात. अशा रीतीने कोणा गावच्या ओव्या कोणा गावच्या जात्यावर किती पिढ्या साठत गेल्या, याचा हिशेब नाही. म्हणूनच जाते आम्ही वस्तू न मानता स्थळ मानतो.

हा विचार आम्हांला सुचला, त्याला एक दूरचे निमित्त आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे दळण्याचे दगड आज जगभरच्या अभ्यासकांच्या चर्चेत आहेत. त्या खंडाच्या उत्तर भागात माजेदबेबे नावाचा एक शैलाश्रय आहे. त्यासंबंधी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील मानवी वावर सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीपर्यंत नेला आणि दळण्याचे दगड त्या प्राचीन थरांतही सापडले आहेत. ते लोक शेती करीत नव्हते. रानगवतांचे बी वेचून ते वाटीत होते. दगड जड, आणि माणसे ऋतूप्रमाणे फिरणारी. म्हणून मोठे दगड मुक्कामाच्या जागी तसेच ठेवून ती पुढे जात आणि पुढच्या हंगामात तेथेच परत येत. दगड जागा राखीत असे. व्हिक्टोरिया प्रांताने २००६ मध्ये आदिवासी वारशाचा कायदा केला. असे दगड आणि खडकावरील घर्षणाच्या खोबणी हा तेथे वारसा ठरतो. रानात पडलेला दगड उचलून नेणाऱ्यास कायदा जाब विचारू शकतो. तेथे सारे आलबेल आहे असे मात्र नाही. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका खाणकंपनीने लोहखनिजासाठी जूकन घळीतील ४६,००० वर्षांच्या वावराच्या खुणा असलेले शैलाश्रय सुरुंगाने उडविले, आणि तेही कायद्याची परवानगी घेऊन. तरीही ज्या समाजाचे ते स्थळ, त्याचा शब्द त्या देशाला ऐकावा लागला. आमच्याकडे जात्याविषयी शब्द टाकावयास कोणी उभेच राहिले नाही.

गाणी वाचविण्याचे काम मात्र महाराष्ट्रात मनापासून झाले आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातव्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी तर हे आयुष्याचेच काम मानले. त्यांच्या गटाने हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या, अनेक ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्या कोणत्या बाईच्या, कोणत्या गावच्या याची नोंद ठेवली. मराठवाड्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्या याच संग्रहामुळे टिकल्या. प्वातव्हँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून हा ठेवा पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयामार्फत लोकांसमोर येत आहे. गाण्याखाली गाणारीचे नाव हवेच, हा त्यांचा आग्रह आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. दगडाच्या नशिबी तसे कोणी आले नाही. एखादे जाते वस्तुसंग्रहालयात जाते, एखादे शहरातील उपाहारगृहाच्या दारात शोभेला बसते, आणि दोन्ही ठिकाणी ते कोणाचे, हे विचारण्याची सोय नसते.

कायद्याकडे बोट दाखवून भागणार नाही. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो. जाते शंभर वर्षांचे आहे हे सिद्ध कसे करावयाचे? मंदिरावर शिलालेख असतो, नाण्यावर राजाचे नाव असते. जात्याची गोष्ट उलटी आहे. प्रत्येक टाकीबरोबर त्याचा जुना मुखडा झडून पिठाबरोबर पोटात जातो आणि दगड पुन्हा नवा दिसतो. त्याचे वय उरते ते फक्त त्याच्या पातळपणात. वरची तळी झिजत झिजत अखेर भाकरीसारखी होते. पण किती वर्षांत, हे दगड सांगत नाही. ते फक्त घरातील माणूस सांगू शकते. हे जाते कोणाच्या लग्नात आले, बैलगाडीतून कोणत्या खाणीवरून आणले, टाकी लावावयास कोण येत असे, शेवटचे दळण कधी झाले, बहात्तरच्या दुष्काळात त्यात काय दळले, या प्रश्नांची उत्तरे ज्या स्त्रियांपाशी आहेत, त्यांनी हाताने दळले त्यास आता पन्नास-साठ वर्षे होत आली. त्या ऐंशीच्या घरात आहेत. औंढ्याचे मंदिर आणखी शंभर वर्षे थांबेल. त्या थांबणार नाहीत.

शाळेच्या मुलांनी एका वहीत हे लिहून घेणे अवघड नाही. गावागणिक एक वही पुरे. आणि विचारण्याचा हंगामही ठरलेला आहे. वसमतच्या बाजाराने हळदीचा मुलूख म्हणून नाव मिळविलेल्या या जिल्ह्यात लग्नघरी मुहूर्ताची हळद अजूनही कित्येक ठिकाणी जात्यावर दळतात. मग अडगळीतील तळी शोधून काढली जाते, न्हाणीपाशी पडलेली उलटवून धुतली जाते, माकडी नवी बसते, जात्याला आंब्याची डहाळी बांधून हळदीकुंकवाची बोटे ओढतात, आणि घरातील सर्वांत वडील बाईला खुंट्याला हात लावण्यासाठी बोलावून आणतात. वही घेऊन जावयाचे ते त्या दिवशी.